चाकावरचा ओटा

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझ्या बायकोचा गुडघा दुखावला आणि त्या गुडघ्यापायी पुढे माझी जी शोभा झाली, ती आमच्या पिंपरीच्या वसाहतीत अजून सांगतात. सांगणारे आपापल्या परीने तिखटमीठ लावतात. मी त्या वेळी कपाटात रडत होतो असंही एकजण सांगतो. मी रडत नव्हतो. म्हणून म्हटलं, घडलं ते एकदा आपणच सरळ सांगून टाकावं.

गुडघा दुखावला तो चिंचवडच्या बाजारातून येऊन टांग्यातून उतरताना. टांगा थांबला होता, पण घोडा थांबला नव्हता, असं सुमनचं म्हणणं. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वळवला, तिला दोनदा ओरडायला लावलं आणि म्हणाले, "मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. उभं राहिलात तर हरकत नाही."

सांगायला सोपं होतं. पण तो काळ सत्तावन्न सालचा. शेगडी जमिनीवर, विळी जमिनीवर, पोळपाट जमिनीवर, आणि या सगळ्यांच्या मधोमध बाई जमिनीवर. उभ्यानं रांधणारी गृहिणी आमच्या वसाहतीत कुणी पाहिली नव्हती. मोठ्या साहेबांच्या बंगल्यात उभ्यानं स्वयंपाक होतो असं ऐकून होतो. पण तिथे खानसामा होता, आणि खानसाम्याला बंगला होता. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. लोक वेळेवर आले की नाही ते बघणारा. मला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं.

तात्पुरती सोय म्हणून माझ्या लिहायच्या टेबलावर शेगडी चढवली. त्या टेबलाचा एक पाय मुळातला आखूड. पहिल्याच दिवशी आमटीला उकळी आली आणि आमटी माझ्याकडे आली. पाटलोण धुऊन निघाली, पण नेमका त्याच वेळी फलटणहून सुमनचा थोरला भाऊ दत्तोबा दारात उभा होता. त्यानं बहिणीला टेबलापाशी बगळ्यासारखं एका पायावर उभं पाहिलं, मला ओल्या पाटलोणीत पाहिलं, आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "सुमे, चल घरी. तितं आई हाय, वैनी हाय. गुडघा बरा हुईस्तवर हिकडं फिरकायचं न्हाई."

"आणि हे?" सुमननं विचारलं.

"पाव्हणं जेवतील खानावळीत."

मेव्हण्यासमोर माणूस नको ते बोलून जातो. मी म्हणालो, "दादा, तुम्ही पुढच्या महिन्यात या. या स्वयंपाकघरात उभ्यानं रांधायचा पक्का ओटा नसेल, तर मी स्वतः हिला फलटणच्या गाडीत बसवून देईन."

दत्तोबानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "येतो," म्हणाला, आणि तसाच गेला. जेवायलाही थांबला नाही. अर्थात आमटी उरलीच नव्हती.

तो गेल्यावर सुमननं खडू घेतला, स्टुलावर बसून काठीला तो बांधला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर रेघा ओढल्या. "हे बघा. एक ओटा या भिंतीला, एक त्या भिंतीला, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं कोपऱ्यात तिकोनी कपाट. मी कोपऱ्यापाशी उभी राहिले की डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला पोळपाट, समोर डबे. चालायला नको, वाकायला नको."

योजना इतकी सरळ होती की तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी ती हातात घेतली.

क्वार्टर कारखान्याचं, म्हणून आधी परवानगी. वसाहत कचेरीत नगरकरसाहेब बसत. गृहस्थ सज्जन, पण प्रत्येक भिंत आपल्या वडिलांनी बांधल्यासारखी जपणारे. माझं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं विचार करताहेत. डोळे उघडून म्हणाले, "विटांचा ओटा नाही."

"लाकडी करतो, साहेब."

"भिंतीला खिळा नाही. फरशीला भोक नाही."

"मग उभं कशावर राहील?"

"ते तुम्ही बघा. स्थावर काही करायचं नाही, पिसाळ. जंगम असेल तर माझी हरकत नाही."

हा 'जंगम' शब्द घेऊन मी घरी आलो. दारातच रंगराव भेटले. रंगराव आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी, बीडकडचे, कारखान्यात टर्नर. ते मशीनवर लोखंड गोल करत आणि सुट्टीत आमची डोकी. सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नसे, माणूस लागे.

"जंगम म्हणले?" रंगराव मान हलवत म्हणाले. "मग सोपं आहे की राव! स्थावर म्हणजे न हलणारं. जंगम म्हणजे हलणारं. आता हलणारं म्हणजे काय?"

"काय?"

"चाक!" आणि माझ्या खांद्यावर थाप मारून ते आत गेले. मला तो क्षण ज्ञानाचा वाटला. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या दिवशी रंगरावांची पाळी दुपारची असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

सुतारही त्यांनीच सुचवला. मोशीचा सोनबा. इंद्रायणीकाठच्या गावांत त्याच्या हाताचं काम नाव घेण्यासारखं होतं, हे खरं. ते काम कसलं, हे मात्र मी विचारायला हवं होतं. त्याच्या अंगणात पोचलो तर सगळीकडे बैलगाड्या. कुणाचं चाक, कुणाचं जू, कुणाची साटी. सोनबा वाकून बाभळीचा ओंडका तासत होता. मी मोठ्या आत्मविश्वासानं कागदावर चित्र काढलं, दोन ओटे, मधे कपाट, आणि समजावून सांगितलं. तो निर्विकारपणे ऐकत होता. शेवटी मी म्हणालो, "आणि सगळ्याला खालून चाकं हवीत."

सोनबाचा चेहरा एकदम उजळला. "चाकं? आन् मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? मी म्हनलं ह्यो साहेब कपाट का काय म्हनतोय, आमाला कुटं जमतंय. चाकं हायेत म्हंजे झालंच की!"

"पण घरात ठेवायचंय हं ते."

"कुटं बी ठिवा. आमची गाडी कुटं बी चालती."

माप मी दिलं. कोपरा तर काटकोनीच असणार, हे मी शाळेत शिकलो होतो, त्यामुळे तो मोजायच्या भानगडीत पडलो नाही. ज्यानं क्वार्टर बांधलं तो त्याच शाळेत गेला होता की नाही, हे कळायला मात्र मार्ग नव्हता.

सामान आलं ते रविवारी सकाळी, सोनबाच्या बैलगाडीतून, चांगलं दोरानं आवळून. वसाहतीच्या फाटकापासूनच गर्दी जमली. कुणाच्या घरी लग्न आहे, हे रुखवत कुणाचं, अशी चौकशी सुरू झाली. गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा गोजाबाई, म्हणजे रंगरावांच्या मंडळी, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई, गाडीत गाडी!"

आणि खरंच तसं होतं. दोन्ही ओट्यांना प्रत्येकी चार चाकं. कपाटाला तीन, पुढं दोन, मागं टोकाशी एक. साधी चाकं नव्हेत. लहान का होईना, आरे घातलेली, वरून लोखंडी पट्टी चढवलेली. लाकूड सगळं बाभळीचं. चार माणसांनी ओटा उचलला तेव्हा त्यातला एक हळूच बाजूला झाला आणि परत आलाच नाही. कपाट दारातून जाईना, म्हणून दार काढलं. तरी जाईना, म्हणून आडवं केलं. रंगराव आतून "डावीकडं घ्या" म्हणत, सोनबा बाहेरून "उजवीकडं घ्या" म्हणे, आणि दोघांचं ऐकून मी चौकटीत माझंच बोट चेंगरून घेतलं. त्या दिवशी वसाहतीत सुट्टी होती आणि करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं.

आत गेल्यावर कळलं की कोपरा काटकोनी नाही. कपाट एका बाजूनं भिंतीला टेकलं आणि दुसऱ्या बाजूला हात जाईल एवढी फट राहिली. "ऱ्हाऊंद्या," सोनबा म्हणाला, "हवा खेळती ऱ्हाती." मग दोन्ही बाजूंना ओटे लावले आणि सुमननं आनंदानं कपाटाचं दार ओढलं. दार बोटभर उघडलं आणि ओट्याला अडलं. दुसरं ओढलं. तेही अडलं.

सगळे सोनबाकडे बघायला लागले. सोनबानं मुंडाशातून माझं चित्र काढलं, उलगडलं आणि शांतपणे दाखवलं. "चित्रात कवाडं बंदच हायेत की वो."

कवाडं खरोखरच बंद होती.

"अडलं तर ओटा सरकवायचा," रंगराव मदतीला धावले. "चाकं कशाला दिलीत मग?"

इथं आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीबद्दल सांगायला हवं. फरशीला उतार होता, पाणी मोरीकडे जावं म्हणून. मोरी होती बाहेरच्या खोलीत जायच्या दाराशेजारी. आजवर या उताराचा त्रास झाला नव्हता, कारण घरातल्या कुठल्याच वस्तूला चाकं नव्हती. पहिल्या दिवशी सुमननं फोडणी टाकली, हिंगाचा डबा काढायला मागे वळली, पुन्हा पुढे वळली तर फोडणी तिथं नव्हती. ती दाराकडे निघाली होती. सुमन लंगडत तिच्यामागे, मी सुमनच्या मागे. मोरीच्या कठड्याला ओटा थडकला, कढई थांबली, तेल थांबलं नाही.

मग चाकांखाली विटा घातल्या. डबा हवा असला की वीट काढायची, ओटा सरकवायचा, कपाट उघडायचं, डबा घ्यायचा, ओटा लावायचा, वीट घालायची. आणि वीट घालायला वाकावं लागे. सुमनला वाकता येत नसे. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी मी विटेपाशी बसू लागलो. टाइम ऑफिसात वेळेवर येणाऱ्या लोकांच्या नोंदी ठेवणारा मी स्वतः रोज उशिरा जाऊ लागलो. चाकांचा गडगडाट भल्या पहाटे सुरू होई तो मी कामावर निघेपर्यंत. एक दिवस फाटकावरचा पहारेकरी मला म्हणाला, "पिसाळसाहेब, आज बैल सोडले का?"

सुमन मात्र एका शब्दानं काही बोलली नाही. ते मला जास्त लागत होतं. एकदाच, पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दादा येतील आता." बस्स, एवढंच. तिला जायचं नव्हतं, आणि ते मला सांगायचंही नव्हतं.

म्हणून मी एक दिवस रजा टाकली. ठरवलं, निदान कपाट तरी धड करायचं. मधली फळी निसटत होती आणि दाराची खिट्टी लागत नव्हती. दोन्ही ओटे बाजूला घेतले, फळ्या काढल्या आणि हातोडी घेऊन मी कपाटात उकिडवा बसलो. मला डॉक्टरांनी मनाई केलेली नव्हती. सुमन मागच्या दारी भांडी वाळत घालत होती. खिट्टीवर चार ठोके घातले आणि बसते का बघायला दोन्ही दारं आतून ओढून घेतली. खिट्टी बसली. फार सुंदर बसली. पण त्या ठोक्यांनी खालच्या विटाही हलल्या होत्या, हे मला आतून दिसलं नाही.

आधी वाटलं, मला चक्कर येतेय. मग आवाज ओळखीचा वाटला. कपाट मला घेऊन निघालं होतं. फरशीच्या सांध्यांवरून खडखडत ते खोली ओलांडून गेलं आणि दाराच्या चौकटीत गच्च रुतून थांबलं. आत येताना आडवं होऊन आलेलं कपाट आता उभ्यानं बाहेर पडू बघत होतं. त्याची दारं बाहेरच्या खोलीच्या बाजूला, चौकटीवर दाबलेली. उघडायला वावच नाही. फटीतून मला खोलीतली खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीपलीकडे उघडं पुढचं दार.

"अहो!" सुमन धावत, म्हणजे लंगडत आली. "लागलं का?"

"हळू बोल. रंगरावांना बोलवू नकोस."

ती आणखी काही बोलणार, तोच पुढच्या दारातून दोन माणसं आत आली. एक नगरकरसाहेब. दुसरा दत्तोबा. एकाला दुसरा फाटकाशी भेटला होता.

"पिसाळ आहेत का?" नगरकरसाहेबांनी कपाटाकडे बघत विचारलं. कपाटामागं स्वयंपाकघरात सुमन उभी होती. तिचा आवाज माझ्या डोक्यावरून गेला. "नाहीत. ड्यूटीवर गेलेत."

माझी अब्रू राखायला ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली असेल.

"ड्यूटीवर?" साहेब म्हणाले. "मी टाइम ऑफिसातूनच येतोय. ते आज रजेवर आहेत म्हणे."

फटीतून मला दत्तोबाचा चेहरा दिसत होता. त्याच्या कपाळावर एकेक आठी चढत होती.

"तुमच्या शेजाऱ्यांची तक्रार आहे, बाई," साहेब पुढं म्हणाले. "तुमच्या घरात पहाटेपासून बैलगाडी चालते."

शेजारी! म्हणजे रंगराव! चाक सुचवणारा हाच माणूस चाकाची तक्रार करून आला होता. कपाटात माझ्या हाताची मूठ वळली, पण वळून करते काय, कोपर हलवायलाही जागा नव्हती.

दत्तोबाला मात्र बैलगाडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा आवाज जड झाला होता. "सुमे. पाव्हणं कामावर न्हाईत. घरात न्हाईत. रजा घिऊन जात्यात कुटं?"

कपाटामागं सुमनच्या बांगड्या वाजल्या.

"हितं तू एका पायानं राबायचं, आन् त्यांनी रजा घिऊन हिंडायचं. बांध बोचकं. संध्याकाळची गाडी गाठू."

मी टाइम ऑफिसातला माणूस. वसाहतीत लोक मला वाकून नमस्कार करत नसले तरी मान हलवत. आवाज न करता बसून राहिलो असतो तर ती मान शाबूत राहिली असती. आणि सुमन काही बोलणार नव्हती. माझी लाज वाचवायला ती मुकाट्यानं फलटणला गेली असती. तिचा श्वास मला मागून ऐकू येत होता.

"दादा," मी म्हणालो, "मी इथंच आहे."

दत्तोबानं छताकडं बघितलं. नगरकरसाहेब पलंगाखाली वाकले.

"कुठं?"

"कपाटात."

ते दोघं कपाटासमोर येऊन उभे राहिले. साहेबांनी फटीला डोळा लावला. त्यांचा डोळा आणि माझा डोळा इतक्या जवळून पूर्वी कधी भेटले नव्हते.

"पिसाळ, तुम्ही आत काय करताय?"

"खिट्टी बसवतोय, साहेब."

"बसली का?"

"बसली."

दत्तोबानं दार ओढून पाहिलं, मग सगळ्या कपाटालाच हिसका दिला. कपाट आणखी रुतलं. "चौकट काडावी लागंल," तो म्हणाला.

"चौकटीला हात लावायचा नाही!" नगरकरसाहेब एकदम कडाडले. "ती कारखान्याची मालमत्ता आहे!"

"आन् आत बसलंय ते?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ते पण. पण आज रजेवर आहे."

मग दत्तोबा मागच्या दारानं वळसा घालून स्वयंपाकघरात गेला. खाली वाकून त्यानं बघितलं असावं, कारण फरशीवर गुडघे टेकल्याचा आवाज आला. आणि एकाएकी तो हसायला लागला. हा माणूस हसतो हे मला लग्नापासून ठाऊक नव्हतं. "आरं, ह्यो तर गाडा हाय!" म्हणत त्यानं मागच्या चाकाची खीळ उपसली. चाक निघालं, कपाट मागं कलंडलं, चौकट सुटली, माझ्या धडपडीनं खिट्टी तुटली आणि मी बाहेर आलो. उकिडवाच आलो. पाय सरळच होईनात. नगरकरसाहेबांच्या बुटांपाशी मी तसाच बसून राहिलो.

"हे काय आहे?" त्यांनी चाकाकडे बोट दाखवलं.

"चाक, साहेब. जंगम हवं म्हणालात ना."

"अहो, जंगम म्हणजे टेबल! खुर्ची! भिंतीला चिकटवलेलं नसलं म्हणजे झालं! टेबलाला चाकं असतात का, पिसाळ?"

आमच्या टेबलाला तर धड पायही नव्हते.

दत्तोबानं तिथल्या तिथं कोट काढला, सगळं परत कोपऱ्यात लावलं आणि एकूण एक चाक उतरवलं. उरलेलं सगळं बाभळीच्या वजनानं असं बसलं की पुढं भूकंप झाला तरी हललं नसतं. कपाटाची दारंही त्यानं उचकटली. सुमननं तिथं जुन्या पातळाचा पडदा लावला. भिंतीकडच्या फटीत तिनं पोळपाट उभा सरकवला. तो असा चपखल बसला, जसं काही बांधणाऱ्यानं पोळपाट मोजूनच कोपरा वाकडा केला होता.

मग ती कोपऱ्यात उभी राहिली. डाव्या हाताला तवा, उजव्या हाताला परात. भाकरी थापली, वळून तव्यावर टाकली, हात लांबवून मिठाचा डबा घेतला. दुखरा पाय जागचा हलला नाही. दत्तोबा स्टुलावर बसून टक लावून बघत होता. नगरकरसाहेब निघतो निघतो म्हणत तेही बघत होते; शेवटी त्यांनाही पान वाढावं लागलं. जेवणं झाल्यावर दत्तोबानं पिशवी उचलली, एकट्यानं. मी त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेलो. गाडीत चढता चढता तो म्हणाला, "पाव्हणं, कपाटातनं बोललात ते बरं क्येलं." आणि मी काही म्हणायच्या आत गाडी सुटली.

पुढं वसाहतीतल्या बायका एकेक करून ओटा बघायला येऊ लागल्या. यायच्या, कोपऱ्यात उभ्या राहायच्या, एकदा डावीकडं वळायच्या, एकदा उजवीकडं, आणि काही न बोलता घरी जायच्या. त्या घरी गेल्या की संध्याकाळी त्यांचे नवरे माझ्याकडे सोनबाचा पत्ता विचारत. नगरकरसाहेबांनीही विचारला, जरा आडबाजूला घेऊन. मोशीच्या लोकांना बैलगाडी करून घ्यायची तर सोनबाला सवड नाही, अशी गत झाली. आणि आपण करतो त्या वस्तूला काही नाव असावं म्हणून सोनबानं परस्पर एक नाव देऊन टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

मला ते कळलं एका सकाळी. कामावर निघताना मी चपला घालत होतो आणि कुंपणापलीकडून गोजाबाईंचा आवाज आला, "सुमनताई, आमच्याकडं कालच पिसाळ आला हो! पण मेला एका बाजूला कलतोय. तुमचा पिसाळ कसा आहे?"

मी तसाच एक चप्पल घालून थांबलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला.

"कुठला?" सुमन म्हणाली. "आमच्याकडं दोन आहेत."